फियाटची ठिणगी

जुन्या मोटारीचा विषय निघाला की लोक तिच्या रंगाबद्दल बोलतात, क्रोमच्या बंपरबद्दल बोलतात, स्टिअरिंगला जोडलेल्या गिअरच्या दांड्याबद्दल बोलतात. बॉनेटखाली चाललेल्या एका गोष्टीबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही, कारण ती डोळ्यांना दिसतच नाही. ती गोष्ट म्हणजे ठिणगी. पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचं मिश्रण दाबलं जातं आणि नेमक्या क्षणी त्यात ठिणगी पडते. ती पडलीच नाही तर सगळी मोटार म्हणजे उभं लोखंड. उशिरा पडली तर इंजिन तापतं, ओढ कमी होते, पेट्रोल वाया जातं. फार लवकर पडली तर इंजिन आतून ठोके देऊ लागतं.

या ठिणगीवरून सध्या जुन्या मोटारी बाळगणाऱ्यांमध्ये एक वाद चालतो. जुन्या फियाटमधले पॉइंट काढून त्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावं की बसवू नये? एक पक्ष म्हणतो, बसवा आणि निवांत व्हा. दुसरा म्हणतो, मग ती जुनी मोटार राहिली कुठे? तुम्ही म्हणाल, यात कवी माणसाचं काय काम? सांगतो. पण त्याआधी ही ठिणगी आली कुठून, ते पाहायला हवं. इतिहास कळला की वाद निम्मा मिटतो, असा माझा अनुभव आहे.

१८६० साली फ्रान्समध्ये एतिएन लन्वार याने गॅसवर चालणारं इंजिन केलं. त्यात त्याने विजेची ठिणगी वापरली होती. म्हणजे ठिणगी मोटारीपेक्षा वयाने मोठी. पण प्रयोगशाळेतली ठिणगी वेगळी आणि खडबडीत रस्त्यावरून धक्के खात जाणाऱ्या गाडीतली ठिणगी वेगळी. १८८६ साली जर्मनीत कार्ल बेंझने आपल्या तीनचाकी मोटारीचं पेटंट घेतलं. तिच्यात बॅटरी आणि सतत थरथरणारं एक कॉइल होतं. बॅटरी लवकर उतरायची. इंजिन पेटवणं ही सगळ्या अडचणींतली मोठी अडचण आहे, असं बेंझने लिहून ठेवलं आहे. त्याच काळात गॉटलीब डाइमलरने विजेचा नाद सोडून दिला. सिलिंडरमध्ये एक नळी बसवायची, बाहेरून ती बर्नरच्या ज्योतीने लालभडक तापवायची आणि तिच्या उष्णतेने मिश्रण पेटवायचं, अशी त्याची युक्ती. पेट्रोलच्या टाकीपासून हातभर अंतरावर उघडी ज्योत! आज कल्पना केली तरी अंगावर काटा येतो.

यातून वाट काढली ती श्टुटगार्टमधल्या रॉबर्ट बॉश नावाच्या एका कारागिराने. १८८६ साली त्याने छोटंसं वर्कशॉप काढलं होतं. एका गिऱ्हाइकाने त्याला विचारलं, डॉइट्झ कंपनीच्या इंजिनावर वीज निर्माण करणारं एक यंत्र असतं, तसं मला करून द्याल का? बॉशने ते यंत्र पाहिलं आणि १८८७ मध्ये स्वतःचं मॅग्नेटो तयार केलं. मॅग्नेटो म्हणजे चुंबकाच्या जोरावर चालणारं विजेचं छोटं जनित्र. इंजिन फिरलं की तेही फिरतं आणि आपली वीज आपणच तयार करतं. बॅटरीची गरजच नाही. हे यंत्र एका जागी उभ्या असलेल्या इंजिनासाठी होतं. ते मोटारीच्या वेगाला पुरेसं व्हायला १८९७ साल उजाडलं. १९०२ मध्ये बॉशचा सहकारी गॉटलोब होनोल्ड याने उच्च दाबाचं मॅग्नेटो आणि त्यासोबत स्पार्क प्लग तयार केला, तेव्हा कुठे मोटारीला भरवशाची ठिणगी मिळाली. ती इतकी भरवशाची ठरली, की १९१४ साली महायुद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटनच्या लक्षात आलं, आपल्या विमानांची मॅग्नेटो तर शत्रूकडून येतात! मग घाईघाईने स्वतःचे कारखाने उभारावे लागले. आजही पिस्टन इंजिनाच्या छोट्या विमानांत दोन-दोन मॅग्नेटो असतात. बॅटरी मेली तरी इंजिन बंद पडत नाही.

मग मोटारीतून मॅग्नेटो का गेलं? कारण ते महाग होतं, आणि हॅंडल मारताना इंजिन हळू फिरतं तेव्हा त्याची ठिणगी दुबळी पडायची. इथे कथेत अमेरिकेतल्या डेटन शहरातला चार्ल्स केटरिंग येतो. कॅश रजिस्टर बनवणाऱ्या कंपनीत तो काम करायचा. संध्याकाळी एका मित्राच्या घरामागच्या कोठारात सवंगडी जमवून मोटारीच्या इग्निशनवर खटपट करायचा. कॅडिलॅक कंपनीला त्याचं काम पसंत पडलं आणि १९०९ मध्ये केटरिंग आणि त्याचा मित्र एडवर्ड डीड्स यांनी ‘डेल्को’ ही कंपनी काढली. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये बॅटरी, ती भरणारा जनरेटर, विजेचा स्टार्टर आणि इग्निशन असं सगळं एकत्र आलं.

हा बदल किती मोठा होता, हे समजायला जुन्या काळचं हॅंडल आठवायला हवं. तेव्हा ठिणगी लवकर पाडायची की उशिरा, हे ड्रायव्हर स्वतः एका छोट्या दांडीने ठरवायचा. फोर्डच्या मॉडेल टीमध्ये ही दांडी स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला होती. हॅंडल मारण्याआधी ती वर सरकवून ठिणगी उशिरावर आणावी लागे. विसरलं की पिस्टन वर पोचण्याआधीच स्फोट व्हायचा, इंजिन उलटं फिरायचं आणि हॅंडल मनगटावर बसायचं. मनगटाजवळच्या हाडाच्या एका प्रकारच्या मोडीला डॉक्टर आजही ‘शोफर्स फ्रॅक्चर’ म्हणतात. त्या नावात शंभर वर्षांपूर्वीच्या ड्रायव्हरांची मोडलेली मनगटं आहेत.

केटरिंगची पद्धत दिसायला साधी. बारा व्होल्टची बॅटरी कॉइलच्या जाड तारेतून वीज सोडते आणि कॉइलमध्ये चुंबकत्व साठतं. मग पॉइंट नावाची दोन छोटी टोकं एकमेकांपासून अलग होतात. वीज तुटते, चुंबकत्व एकदम कोसळतं आणि कॉइलमधल्याच बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत पंधरा-वीस हजार व्होल्टचा दाब उभा राहतो. फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेलं तत्त्व ते हेच. तो दाब डिस्ट्रिब्यूटरमधला फिरता रोटर एकेका प्लगकडे पोचवतो. पॉइंटवर ठिणगी उडून ते जळू नयेत म्हणून शेजारी एक कंडेन्सर असतो. गाडीचा वेग वाढला की ठिणगी थोडी आधी पडावी लागते, तेही काम डिस्ट्रिब्यूटरच्या पोटातली दोन फिरती वजनं करतात. ड्रायव्हरच्या हातची दांडी गेली, आणि पुढची साठ वर्षं जगातल्या बहुतेक मोटारी याच पद्धतीवर चालल्या.

आपल्याकडची फियाटही त्यातलीच. सोलापूरला जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट इथे मिळू लागली. सत्तरीच्या दशकात तिचं नाव आधी प्रीमिअर प्रेसिडेंट आणि मग प्रीमिअर पद्मिनी झालं. इंजिन तेच, १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. इटलीत ११०० ची मालिका १९६९ मध्येच थांबली. आपल्या कुर्ल्यात मात्र तिची ही धाकटी बहीण नवं शतक उजाडेपर्यंत तयार होत राहिली, आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे पद्मिनी हे समीकरण पक्कं झालं.

माझे मामू अशीच टॅक्सी चालवत. सुट्टीत मी त्यांच्याकडे जायचो तेव्हा पहाटेचं पहिलं काम ठरलेलं असायचं. डिस्ट्रिब्यूटरची टोपी काढायची, पॉइंटवरून पॉलिश पेपरचा तुकडा फिरवायचा, मग त्या दोन टोकांमधलं अंतर बघायचं. हे अंतर अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असतं. मोजायला फिलर गेज नावाच्या पट्ट्या मिळतात, पण मामूंच्या खिशात कुण्या गिऱ्हाइकाने दिलेलं व्हिजिटिंग कार्ड असायचं. तेच पॉइंटमध्ये सरकवायचं. अडकलं तर ढिलं करायचं, सैल गेलं तर आवळायचं. मग इंजिन सुरू करून डोळे मिटून ऐकायचं. फियाटच्या सिलिंडरांचा क्रम एक-तीन-चार-दोन. एखादा ठोका चुकला, ज्याला गॅरेजमध्ये ‘मिसिंग’ म्हणतात, तर मामूंच्या कपाळाला आठी पडायची. वृत्तात एखादी मात्रा कमी पडली की जसं खटकतं, तसं ते खटकणं होतं. मोटारीतलं जे काही मला कळतं, ते आधी असं कानाने कळलं.

पण या आठवणीत रमून चालायचं नाही. ते पहाटेचं काम करावं का लागायचं, याचा हिशेब मांडून पाहा. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन ठिणग्या पडतात. सरासरी मिनिटाला दीड हजार फेरे धरले, तर मिनिटाला तीन हजार ठिणग्या. आठ तासांच्या पाळीत चौदा लाख चाळीस हजार. म्हणजे ती दोन टोकं एका पाळीत चौदा लाखांहून अधिक वेळा उघडतात आणि मिटतात. पॉइंट उघडणारा फायबरचा छोटा ठोकळा घासत जातो, त्यांच्यातलं अंतर कमी होत जातं आणि ठिणगी हळूहळू उशिरा पडू लागते. टोकांवर खड्डे आणि उंचवटे तयार होतात. मिश्रण अर्धवट जळतं. त्याचा भुर्दंड टॅक्सीवाल्याच्या खिशाला बसतो आणि न जळलेलं पेट्रोल मागच्या नळीतून बाहेर पडून शहराच्या हवेत मिसळतं.

अमेरिकेत हाच मुद्दा निर्णायक ठरला. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याने मोटार कंपन्यांवर बंधनं आली. नवी गाडी शुद्ध असून भागणार नव्हतं, हजारो मैल चालल्यावरही तिने तसंच राहायला हवं होतं. रोज झिजणाऱ्या पॉइंटना ते जमणारं नव्हतं. ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ मध्ये लागला होता, १९६३ मध्ये पॉन्टिअकने पॉइंट नसलेलं इग्निशन देऊनही पाहिलं होतं. कायद्याचा रेटा आल्यावर १९७३ पर्यंत क्रायसलरने आपल्या अमेरिकी मोटारींत इलेक्ट्रॉनिक इग्निशन सरसकट बसवलं आणि १९७५ पर्यंत इतर मोठ्या कंपन्या त्याच वाटेने गेल्या.

पॉइंटची जागा घेणाऱ्या उपकरणांत एक आहे हॉल सेन्सर. त्याची गोष्ट मला फार आवडते. १८७९ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एडविन हॉल नावाचा एक विद्यार्थी सोन्याच्या वर्खातून वीज सोडून चुंबकाचा तिच्यावर काय परिणाम होतो ते पाहत होता. वर्ख म्हणजे आपण मिठाईवर लावतो तसाच, पातळ. चुंबक जवळ आणला की वर्खाच्या दोन कडांमध्ये बारीकसा दाब निर्माण होतो, हे त्याला दिसलं. बेंझच्या मोटारीला अजून सात वर्षं अवकाश होता. त्या शोधाचा मोटारीला उपयोग व्हायला जवळजवळ शंभर वर्षं गेली. आज डिस्ट्रिब्यूटरच्या दांड्यावर छोट्या चुंबकांची चकती बसवली, की शेजारचा हॉल सेन्सर प्रत्येक चुंबक जवळून जाताना ओळखतो आणि ट्रान्झिस्टरला सांगतो, तोड वीज! काही घासत नाही, काही झिजत नाही.

जुन्या गाडीत हा बदल करणं अवघड नाही. टोपी आणि रोटर काढायचा, पॉइंट आणि कंडेन्सर काढायचे, त्याच जागी सेन्सरची पट्टी बसवायची, दांड्यावर चुंबकांची चकती चढवायची आणि दोन तारा कॉइलला जोडायच्या. टोपी पुन्हा लावली की बाहेरून ओळखूही येत नाही. पण काही पथ्यं आहेत. किटला जुळेल असंच कॉइल हवं. कमी रोधाचं कॉइल लावलं तर जास्त वीज वाहून आतला ट्रान्झिस्टर जळतो. तारा उलट्या लावायच्या नाहीत. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं, त्यांना वेगळं किट लागतं. इंजिन बंद ठेवून किल्ली चालू सोडायची नाही. आणि किट बसवल्यावर टायमिंग नव्याने लावून घ्यायचं.

त्याचबरोबर खोटी आशाही ठेवायची नाही. किट बसवलं म्हणून फियाटची रेसची गाडी होत नाही. पॉइंट नीट लावलेले असतील त्या दिवशी दोन्हींत फारसा फरक जाणवणार नाही. फरक कळतो तो सहा महिन्यांनी, कारण पॉइंट बिघडलेले असतात आणि सेन्सर पहिल्या दिवशीसारखाच असतो. टोपी, रोटर आणि प्लगच्या तारा मात्र जुन्याच राहतात. त्यामुळे मुंबईच्या पावसात टोपीत ओल शिरली की नवी ठिणगीही जुनीसारखीच रुसते, आणि रुमाल काढून टोपी पुसणं काही चुकत नाही.

आता पुन्हा त्या वादाकडे येऊ. पॉइंटच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं मला हसण्यावारी नेता येत नाही. ते म्हणतात, पॉइंट बिघडले तर ते आधी कुरकुरतात. गाडी ओढत नाही, मिसिंग करते, पण घरापर्यंत आणते. घाटात बंद पडली तरी पॉलिश पेपर आणि एक पुठ्ठा यावर भागतं. इलेक्ट्रॉनिक किट मात्र बहुधा काही न सांगता मरतं. आणि मेलं की ते उघडून दुरुस्त करता येत नाही, फेकून नवं आणावं लागतं. कुर्ल्याच्या बाजारात मला एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी विचारलं, “साहेब, पॉइंट बिघडला तर मी आहे. डबी बिघडली तर कोण आहे?” त्यांच्या गॅरेजमधून कितीतरी पोरं हाताखाली शिकून मोठी झाली. ती पोरं पहिल्यांदा शिकली ते पॉइंटच लावायला. प्रश्न त्यांच्या पोटाचा होता, तसाच त्यांच्या विद्येचाही. ज्याला वीज, चुंबक, वेळ हे शब्द शाळेत कधी भेटले नाहीत, त्याला पॉइंटने हे तिन्ही हातात धरून शिकवले.

पण मी इतिहासाकडे पाहतो तेव्हा मला दुसरी बाजूही दिसते. ठिणगी आगेमागे करण्याची दांडी गेली, तेव्हा जुन्या ड्रायव्हरांचं एक कसब गेलं. हॅंडल गेलं, तेव्हा हॅंडल मारण्याचं कसब गेलं. त्याबद्दल कुणी फार काळ रडलं नाही, कारण त्या कसबाबरोबर मनगटं मोडण्याचंही थांबलं. मामूंची ती पहाटेची अर्धा तास झोपमोड मला गोड वाटते, कारण ती माझी नव्हती. त्यांना विचारलं असतं, तर त्यांनी झोप मागितली असती. आणि टॅक्स्यांना सीएनजी बसवलं गेलं, तेव्हा पॉइंटची कसोटी आणखी कठीण झाली. गॅसचं मिश्रण पेटवायला पेट्रोलपेक्षा जोरदार ठिणगी लागते. हवा शुद्ध ठेवायची तर ठिणगीही भरवशाची हवी, याला उत्तर नाही.

२९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी, वीस वर्षांची मुदत भरल्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर सेवेतून गेली. आता ज्या पद्मिनी उरल्या आहेत त्या हौशी लोकांच्या आहेत. नव्या मोटारींतून तर डिस्ट्रिब्यूटरही गेला, प्रत्येक प्लगला आपलं स्वतंत्र कॉइल आलं. विजेवर चालणाऱ्या मोटारीत तर ठिणगीची गरजच संपली. अशा वेळी एखाद्याच्या दारात चालती फियाट उभी असेल, तर ती चालती राहणं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. शोभेसाठी उभी ठेवलेली अस्सल मोटार आणि रोज भाजी आणायला जाणारी, पोटात एक सेन्सर असलेली मोटार, यांत दुसरी मला जास्त जिवंत वाटते.

म्हणून विचारणाऱ्याला मी एवढंच सांगतो. गाडी रोज चालवायची असेल तर किट बसवा. त्यासाठी कुठे भोक पाडावं लागत नाही, उद्या मन बदललं तर सगळं पूर्ववत करता येतं. काढलेले पॉइंट आणि कंडेन्सर फेकू मात्र नका. थोडं ग्रीस लावून एका डबीत घालून डिकीत ठेवा, सोबत एक स्क्रू ड्रायव्हर आणि एक व्हिजिटिंग कार्ड. आणि ज्या मिस्त्रीकडून किट बसवून घ्याल, त्याच्या हाताखालच्या पोराला त्याच दिवशी जुने पॉइंटही एकदा लावून दाखवायला सांगा. त्याची मजुरी वेगळी द्या. त्या पोराला दोन्ही यायला हवं.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)